फिटनेसचा कागद

आमच्या खाणीपर्यंत विजेची लाइन पोचलेली नाही. पाच डिझेल जनरेटर आहेत, त्यांच्यावर सगळं चालतं: खाणीतलं पाणी उपसणारे पंप, दिवे, भटारखाना. त्यांची देखभाल करणाऱ्या नऊ जणांचा मी प्रमुख. सहा आठवडे तिकडे, तीन आठवडे कोपरला घरी.

बेअरिंग तपासायची आमची पद्धत जुनीच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाला. बेअरिंग चांगलं असेल तर एकसारखी घरघर येते, बिघडायला लागलं की आत कुणी वाळू चावतंय असं वाटतं. कंपन मोजायची यंत्रं आली, तरी शेवटचा शब्द माझ्या कानाचा. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या खेपेला तीन नंबरच्या मशीनला आमच्या फिटरने स्क्रूड्रायव्हर लावला. म्हणाला, "साहेब, हिचा आवाज बरोबर नाही येत."

मी लावून बघितलं. काहीच नाही, धड घरघरसुद्धा नाही. "तुझे कान वाजतायत. चालू दे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेअरिंग जाम झालं. त्या मशीनवरचे पंप बंद पडले, खाली पाणी चढायला लागलं. माणसं गुडघाभर चिखलातून वर आली, सगळी आली. फिटर नवीन बेअरिंग घेऊन कामाला लागला. मला काही वाटलं नाही, आणि तेच मला नवीन होतं. त्या दिवशी मी नेहमीएवढाच जेवलो.

घरी बायकोच्या माझ्या कानांचं कधीच लक्षात आलेलं. "अहो, काल विचारलं भाजी कुठली आणू, तर म्हणालात हो."

कंपनीला दरवर्षी फिटनेसचा कागद लागतो, त्यात कानाची तपासणी असते. नापास झालो तर जनरेटरच्या खोलीत पाऊल ठेवता येणार नाही. खरं तर ठेवायलाच नको होतं, एवढं मला कळत होतं. पुढच्या वेळी सगळी माणसं वर येतीलच असं नाही. तरी बायकोला घेऊन माजिवड्याच्या क्लिनिकला निघालो तेव्हा डोक्यात एकच होतं, पास कसं व्हायचं. गेल्या वर्षी अंदाजपंचे निभावलेलं. तीन-चार सेकंदांनी बटण दाबायचं, मधे एखादं सोडायचं, म्हणजे खरं वाटतं.

काचेच्या खोलीत बसलो. तपासणाऱ्या मुलीने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, बीप ऐकू आली की बटण दाबा म्हणाली आणि दार लावून बाहेर गेली. काचेपलीकडे ती मशीनपाशी मान खाली घालून बसली, मागे बायको उभी. मी बटण दाबलं. थांबलो. दाबलं. एक सोडलं. परत दाबलं.

मुलीने वर बघितलं. उठून दार उघडलं, आत आली आणि माझ्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "मी अजून सुरूच नाही केलंय."