विहिरीवरची पांढरी बादली

आमच्या गावाला पाणी सोडणाऱ्या वॉटरमनवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू द्यायचा माझा विचारही नाही.

आमच्याकडं बायका सुती साड्यांना भाताच्या पेजेची खळ देतात. एकीची उरली की ती बादली विहिरीच्या कठड्याशी ठेवून जाते, मागून येणारी वापरते. त्या सकाळी अशीच एक पांढरी बादली दिसली आणि बायकोनं धुतलेली इरकल तीत बुडवली. गर्द हिरवी इरकल, आणि तीही आमची नव्हे, खानापूरच्या थोरल्या वहिनीची. बांधाच्या भांडणानं तुटलेली आमची दोन घरं नुकती बोलायला लागली होती. बारशाला नेस म्हणून वहिनीनं ती आपणहून दिलेली.

बादलीत खळ नव्हतीच. विहिरीत ओतायची ब्लीचिंग पावडर कालवून वॉटरमन चहाला गेला होता. तिच्या वासानं दांडेलीच्या मगरींनी नदी सोडली असेल. पण बायकोला सर्दी अशी, की शेजारी अस्वल बसलं असतं तरी तिनं त्याला ‘सरक’ म्हटलं असतं.

निऱ्यांवर ताटाएवढे पिवळट डाग पडले. मी वॉटरमनला गाठून ओरडलो, ते अणशीच्या घाटापर्यंत ऐकू गेलं.

“बादलीत लुगडं घाल म्हणून मी सांगितलो काय?” तो म्हणाला आणि बशीतला चहा फुरकत राहिला.

रामनगरहून हिरव्या रंगाची पुडी आणून साडी उकळली. डाग पोपटी झाले, बाकीची साडी काळपट. वाळत घातली तर कुत्री भुंकायला लागली.

“लपवायचं न्हाई,” बायको म्हणाली. आम्ही खानापूर गाठलं.

वहिनीनं साडी उलगडली, डागावरनं हात फिरवला. “बांधाचं उट्टं काढलासा व्हय?”

“न्हाई अक्का, खळ समजून...” बायको सांगायला लागली.

मी सगळं सांगितलं, एका शब्दाचं तिखटमीठ न लावता.

“भावजी, तुमचं कधी काय खरं असतंय?” वहिनी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वॉटरमनचं मनगट धरून त्याला खानापूरच्या बसपाशी आणलं.

“चल. वहिनीला तुझ्या तोंडानं सांग.”

“आणि गावाला पाणी कोण सोडणार?”

“राहू दे गाव तहानलेलं,” म्हणालो आणि त्याला आत ढकललं.