गुरुवारी पोट दुखायचं नाही

अंबरनाथच्या त्या दवाखान्यात आजारांचे वार ठरलेले होते. सोमवारी पोट, बुधवारी पोरंबाळं, गुरुवारी प्रेशर. शशिकांत डॉक्टरांना सरमिसळ खपत नसे. मोतीबाई अकरा वर्षं तिथं सुया उकळत होती, पुड्या बांधत होती, आणि डॉक्टरांच्या अत्तराच्या वासानं तिला रोज मळमळत होतं.

सत्तावन्न साली प्रेशरवर सर्पगंधेच्या गोळ्या आल्या नि डॉक्टरांना जणू पंखच फुटले. पारा चढला की गोळी! दमेकरी असो, खिन्न म्हातारी असो, गोळी तीच.

आगकाड्यांच्या कारखान्यातला हरिचंद्र सोमवारी पोटाचं पांढरं औषध न्यायचा. एका गुरुवारी त्याला प्रेशर निघालं.

"डाक्तर, पोटान लय आग होते..."

"आज वार कुठला?"

"बेस्तरवार."

"मग पोट सोमवारी! मोतीबाई, पुडी बांधा."

"डॉक्टर, सोमवारी यालाच आपण..."

"पुडी!"

तिनं बांधली.

तीन आठवड्यांनी हरिचंद्रला रक्ताची उलटी झाली. मोतीबाईनं त्याला लॉरीत घालून कल्याणच्या इस्पितळात नेलं. सोबत त्याची बायको जनी. मागून डॉक्टरही आले, कपड्यांची इस्त्री सांभाळत.

तिथला म्हातारा डॉक्टर गोळ्यांची पुडी बघून भडकला. "पोटात व्रण, आणि वर ही गोळी? अहो, हिनं पोटातलं आम्ल वाढतं! विचारलं नव्हतं याला?"

"लपवलं यानं," शशिकांत डॉक्टर म्हणाले. "अडाणी लोक. काय करणार?"

खाटेवरून हरिचंद्र पुटपुटला, "व्हय, माजीच चूक. वार चुकला."

मोतीबाई खाटेपुढं आली. मरायला टेकलेला माणूस माफी मागतोय आणि हा रुमालानं कपाळ टिपतोय!

"लपवलं नाही," ती म्हणाली. "सांगत होता. यांनी गप्प केला."

"मोतीबाई, उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? हे काय, आत्ताच सुटले."

म्हाताऱ्या डॉक्टरानं तिला बाजूला घेतलं. "हा वाचेलसं वाटतंय. पण ही गोळी आणखी कुणाला दिलीय? पोटाचे, दम्याचे, मन खचलेले? त्यांना ही बाधते. आधी त्यांना गाठा. थांबवा म्हणावं, आणि इकडं पाठवा. प्रेशरला दुसरं काही बघू."

मोतीबाई बोटांवर नावं मोजू लागली. दोन्ही हात पुरेनात. स्वतःच्या बोटांचीच तिला किळस आली. पुड्या याच बोटांनी बांधल्या होत्या.

सगळ्यात आधी ती चामटोली गावाला गेली. ती खिन्न म्हातारी, विठा, ओटीवर भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"दोन महिने झाले, बोलत नाय, जेवत नाय," सून म्हणाली. "रातची रडते. पण गोळी नेमानं देतो हां आमी! डाक्तरची हाय ना."

"डॉक्टरची नाही, माझ्या हातची आहे," मोतीबाई म्हणाली. "आण इकडं. आणि चपला घाल त्यांच्या पायात. कल्याणला जायचंय."