सगळ्यांनी मिळून ठरवलं

झेंड्याची दोरी माझ्या हातात होती. सुपडूभाऊंनी ती काढून घेतली. लहान पोराच्या हातातून चाकू सोडवतात तशी, एक एक बोट उघडून. मग खिशातून रुमाल काढून स्वतःचा हात पुसला. मी पाहिलं. पंचायतीसमोर उभ्या असलेल्या सगळ्या गावानं पाहिलं.

"तू जरा बाजूला हो," ते म्हणाले. "झंडा फौजी चढवतील."

मी त्या गावची सरपंच होते. पंधरा ऑगस्ट होता. शाळेची पोरं रांगेत उभी होती, माझी मुलगीपण त्यांच्यात होती.

मी विचारलं, कुणी ठरवलं? तर म्हणाले, "काल सगळ्यांनी मिळून ठरवलं. दोन्ही पार्टीवाले होते. देशाच्या कामात पार्टी नाही पाहायची."

सगळे म्हणजे कोण, ते समोरच उभे होते. पाटील आणि सुपडूभाऊ. पाटील एका पार्टीचे, सुपडूभाऊ दुसरीचे. कित्येक वर्षांत दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नव्हते. पाण्याच्या पाइपलाइनवरून त्यांच्या माणसांनी एकमेकांची डोकी फोडली होती. त्या सकाळी दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, दोघांच्या छातीवर सारखाच तिरंग्याचा बिल्ला. मला बाजूला करायचं म्हटल्यावर त्यांचं जमलं.

आमचं गाव मध्य प्रदेशातलं, शाहपूरकडचं. चारी बाजूंनी केळी. केळी त्यांची, कापणारे आम्ही. माझं माहेर बुरहानपूरचं, बाप पावरलूमवर होता. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. सासर इथलं. आम्ही महार होतो, आता बौद्ध आहोत. गावासाठी आम्ही आहोत तेच आहोत.

सरपंचाची सीट आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव झाली तेव्हा सुपडूभाऊ आमच्या वस्तीत आले. माझ्या ओट्यावर बसले. मला वहिनी म्हणाले. मी चहा ठेवला तर म्हणाले, पित्त झालंय. पाणीपण नको म्हणाले. शिकलेली आहे, कमी बोलते, म्हणून त्यांनी मला उभं केलं. पाटलांनी माझ्या चुलत जावेला उभं केलं. मी निवडून आले. त्या दिवसापासून सुपडूभाऊंच्या तोंडातलं वहिनी गेलं आणि तू सुरू झालं.

पंचायतीत खुर्ची होती, तिच्यावर ते बसायचे. मी सतरंजीवर. सही कुठे करायची तेवढं सचिव बोटानं दाखवायचा. हे सगळं मी गिळलं. नवरा त्यांच्याच बागेत केळी कापायला जायचा. काय बोलणार?

पण झेंड्याचं मला सचिवानंच सांगितलं होतं. पंचायतीवर झेंडा सरपंच चढवतो, नियम आहे. मला हसू आलं आणि भीतीपण वाटली. शाळेतल्या मॅडमनी सरकगाठ दाखवली. घरी वळणीच्या दोरीला ओढणी बांधून मी गाठ मारायची, ओढायची. ओढणी उघडली की मुलगी टाळ्या वाजवायची. सासू म्हणायची, येडी झाली का ही. नवऱ्यानं बुरहानपूरहून पांढरी साडी आणली. लग्नानंतर त्यानं मला न विचारता आणलेली ती पहिलीच साडी.

आणि मी त्या साडीत, त्या खांबाजवळ, रिकामा हात घेऊन उभी.

फौजी म्हणजे पाटलांचा चुलतभाऊ. सैन्यातून रिटायर होऊन आलेला. त्यांचा डाव असा होता की फौजीला कोण नाही म्हणेल? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दोरी ओढली, फुलं पडली, कडक सलाम ठोकला. राष्ट्रगीत सुरू झालं. मीपण ताठ उभी राहिले. शेवटपर्यंत म्हटलं. ते गाणं मी का सोडू?

मग फोटो. पाटील म्हणाले, सरपंचबाईला मध्ये घ्या, सगळे पाहिजेत फोटोत. मी म्हटलं, "मी फोटोत येणार नाही."

एवढंच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर नाही म्हटलं. पाटलांचा आवाज एकदम खाली आला. "फौजीला विरोध म्हणजे देशाला विरोध होतो, बाई. विचार करून बोल."

मी देशाच्या विरोधात. माझ्याच पंचायतीच्या दारात.

घरी येताना मुलगी माझ्या पुढे चालत होती. मागे वळून पाहत नव्हती. तिला माझी लाज वाटली का त्यांची, मी आजवर विचारलेलं नाही.

मी बुरहानपूरला पंचायतीच्या वरच्या साहेबाकडे गेले. नवरा बाहेर थांबला. मी सगळं सांगितलं. साहेब चांगलं बोलला, खुर्ची दिली. मग हिंदीत म्हणाला, "मॅडम, सर्वसम्मति से हुआ है ना? गाँव में पहली बार दोनों पार्टी साथ आईं, ये तो अच्छी बात है।" मी म्हटलं, सरपंच मी आहे, मला कुणी विचारलं नाही. तो म्हणाला, भावना समजून घ्या. कुणाची भावना, ते बोलला नाही.

मी तिथे गेल्याचं गावात माझ्याआधी पोचलं. नवऱ्याचं काम बंद झालं. आधी सुपडूभाऊंच्या बागेतलं. मग पाटलांच्या. पूर्वी एकानं काढलं की दुसरा घ्यायचा, तेवढीच आमची सोय होती. आता तीपण गेली. नवरा लांब फोपनारकडे काम शोधायला जाऊ लागला. सासू म्हणाली, "दोरी त्यांनी ओढली काय न तू ओढली काय, आपल्या चुलीत काय फरक पडला?" तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तिची कंबर त्यांच्याच बागांत वाकली.

सव्वीस जानेवारी जवळ आली तेव्हा त्यांनी पुन्हा बैठक घेतली. या वेळेला मला बोलावलं. सुपडूभाऊंनी तोड काढली होती. मी दोरीला हात लावायचा, ओढायची फौजीनं. म्हणजे नियमपण राहील, गावपण राहील. पाटलांनी मान हलवली. दोन्हीकडच्या पंचांनी, म्हणजे पंचायतीच्या मेंबरांनी, मान हलवली. आमच्या वस्तीतला एक पंच होता, त्यानंपण हलवली. सगळे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मला दान दिलंय.

मी उभी राहिले. 

"दोरीला हात लावीन तर मीच ओढीन. नाहीतर झेंडा तुमच्या घरी लावा, पंचायतीवर नको."

 सुपडूभाऊ सचिवाकडे पाहून हसले.

सव्वीस जानेवारीला सकाळी मी पोचायच्या आधीच झेंडा वर फडकत होता. उरकून मोकळे झाले होते. फौजी रस्त्यात भेटला. म्हणाला, "मला बोलावलं, मी गेलो. मला यात घेऊ नका." मी विचारलं, सीमेवर असं कुणी कुणाला बाजूला काढतं का? तो तसाच पुढे निघून गेला.

मग माझ्यावर अविश्वास ठराव आणला. दोन्ही पार्ट्यांनी मिळून. कारण दिलं की मी विकासाच्या कामात अडथळा आणते. आमचा पंचपण त्यांच्या बाजूनं. मला काढलं, माझी चुलत जाऊ सरपंच झाली. ती बिचारी खांबापासून लांब उभी राहते आणि फोटोत मध्ये येते. तिला मी दोष देत नाही. तिच्या घरचे दोघं पाटलांच्या बागेत आहेत.

यंदा ऑगस्टमध्ये तिरंगा यात्रा निघाली, सर्वपक्षीय. आमच्या वस्तीतून नेली. पुढे चालायला वस्तीतल्या बाया पाहिजेत असा निरोप आला. मी जाणार नाही म्हटलं. घरोघर जाऊन बायांना सांगितलं, जाऊ नका. बहुतेक गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं त्यांना. मी दारात उभी राहून तिरंग्याला नमस्कार केला. तो धरणाऱ्यांना केला नाही. पण ते कुणाला कळणार? लांबून सारखंच दिसतं.

देश सगळ्यांचा, असं त्या दिवशी माइकवर दोघंही बोलले, आळीपाळीनं. मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या सगळ्यांत आम्ही येतच नाही. पार्टी बदलून काही होणार नाही, आता मला पक्कं माहीत आहे. या बाबतीत पार्टी एकच आहे.

पुढच्या खेपेला गावची सीट खुली होणार म्हणतात. खुली म्हणजे पाटलांची नाहीतर सुपडूभाऊंची. मी उभी राहणार आहे. कुणाच्या पार्टीकडून नाही. नवऱ्याला सांगितलं, तो कोयता घासायला बसला. मुलगी म्हणाली, आई, तू पडशील. मी म्हटलं, हो, पडणार. आपल्या वस्तीतलीपण सगळी मतं मला पडणार नाहीत.

त्याच्या पुढच्या खेपेलापण उभी राहीन. त्यांना दर वेळेला मला पाडावं लागेल.