चुडामणच्या हातातला आकडा

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात आमच्या असोद्याचा चुडामण पुण्याहून सुट्टीवर आला, तो डॉक्टर होऊनच आला असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. प्रत्यक्षात त्याची डॉक्टरी अजून अर्धीच झाली होती. सुट्टीत तो सायकलनं जळगावला सर्जन गद्र्यांच्या दवाखान्यात हाताखाली जायचा आणि संध्याकाळी पारावर बसून सांगायचा, "आज दोन ऑपरेशनं केली."

केली म्हणजे काय केलं, हे कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. कोपरापर्यंत हात घासायचे, झगा चढवायचा आणि टेबलाशी उभं राहायचं. गद्रे पोट उघडायचे आणि जखमेची कड ओढून धरायचा एक आकडा चुडामणच्या हाती द्यायचे. तो धरायचा. नाक खाजलं तरी धरायचा. शेवटी टाक्यांचे दोरे कापायला मिळाले तर त्या दिवशी स्वारी खूश.

पारावरच्या या कीर्तीवरच पहूरच्या रुपचंद पाटलांची मंदा त्याला सांगून आली. बोलणी पक्की होत आली आणि रुपचंदांचा जुना हर्निया अडकला. आतडं पिळलं होतं, थांबायची सोय नव्हती. मोटारीत घालून त्यांना गद्र्यांकडे आणलं, पण ते टेबलावर चढेनात.

"कापायचं त माह्या जावयानंच कापायचं!"

चुडामणचा चेहरा पडला. खरं सांगितलं तर मंदा हातची जाणार होती. पण गद्र्यांना असल्या गोष्टींना वेळ नव्हता. "तो आत आहेच की," ते म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

आता चुडामणची सगळी भिस्त क्लोरोफॉर्मवर होती. गद्र्यांनी नेमकं पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं बधिर, कान मात्र ठणठणीत. छातीपाशी एक पडदा लावला आणि त्याच्या पलीकडे भावी सासरे लक्ष देऊन पडून राहिले.

"ओढून धर," गद्रे सुरू झाले. "अरे, इतकं नाही! डोकं मागं घे, तुझीच सावली पडतेय. झोपलास का? आता दोरा काप. किती लांब ठेवलास! हा बघ, हा आखूड केलास. गाठच सोडवतोस की काय?"

हे शेवटपर्यंत चाललं. थट्टा राहू द्या, त्या पोराची मला खरंच दया येते.

टाके सुकत आले तसं रुपचंदांनी चुडामणला आणि त्याचे वडील भाईदास यांना खाटेशी बोलावलं. नकार ऐकायचाच, म्हणून चुडामण खाली मान घालून उभा राहिला.

"भाईदासभाऊ, मले सगयं ऐकू येत व्हतं," रुपचंद म्हणाले. "तुमच्या पोरानं काईच कापलं नई."

भाईदास पोराकडे बघतच राहिले.

"पन तो डॉक्टर इतकं टाकून बोलला, तरी यानं एक उलटा शब्द काढला नई, अन् हातातलं सोडलं बी नई. माही मंदा तोंडाची लय तिखट आहे. तिच्यासाठी असाच पोरगा मी कवाचा शोधत व्हतो."

चुडामणला पुष्कळ बोलायचं होतं. निदान पुढच्या वर्षी आपल्याला कापायला मिळेल, एवढं तरी. पण तो गप्पच उभा राहिला, आणि रुपचंदांनी तोच होकार धरला.