खोल दातांचे बूट

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला माहीत नाही. ग्रुपमध्ये तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वैशालीला ओळखत नाही — बस, एवढंच कारण.

आधी बुटांचं सांगते. मुद्द्यावर येईन, पण हळूहळू. दिल्लीत आम्हा मराठी मंडळींचा धावण्याचा एक ग्रुप आहे, आणि त्यात बूट घ्यायचे झाले की मला विचारायची पद्धत आहे. नवा कुणी आला की त्याला सांगतात, ताईंना विचारा. मलाही सांगायला आवडतं — एक विचारलं की चार सांगणारी मी. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. एकदा वरून पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही, बादलीत पाय घालून धावल्यासारखं होतं. जाळीचे घ्या, पाणी येईल आणि जाईल. अंगठ्यापुढे थोडी जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि तळ — बूट हातात घेतला की आधी उलटा करून तळ बघा. चिकट, खोल चिखल असेल तर तळाचे दात खोल आणि दूरदूर हवेत, म्हणजे माती अडकत नाही, झडून जाते. पण ओल्या दगडावर हेच दात दगा देतात. तिथे मऊ, धरून ठेवणारं रबर लागतं, आणि तळ जितका दगडाला टेकेल तितका बरा.

हे शेवटचं मला तेव्हाही माहीत होतं. पुस्तकी नव्हे — पहिल्या वर्षी मी स्वतः खोल दातांचे बूट घालून अरवलीतल्या ओल्या दगडावर आपटले होते. कोपर अजून दुखतं. मग? माहीत असून माणूस काय करतं?

वैशाली यवतमाळची. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात बदली होऊन इकडे आली आणि गाझियाबादला आमच्याच सोसायटीत राहायला लागली. नवरा प्रशांत, मुलगी आर्या — तेव्हा शाळेत होती. आमची ओळख बुद्धवंदनेत झाली. विदर्भ-मराठवाड्यातली आम्ही काही नोकरदार कुटुंबं महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, सतरंजीवर बसून वंदना घेतो, मग पोहे आणि गप्पा. मी नागपूरची, त्यामुळे तिला मी लगेच जवळची वाटले. तिला धावायला नेलं तेही मीच. रविवारी पहाटे माझ्या गाडीतून आम्ही दोघी गुरुग्रामच्या पुढे डोंगरात जायचो. सुरुवातीला ती थांबत थांबत यायची, आणि मी वर उभी राहून तिची वाट बघायचे. ते मला आवडायचं, हेही सांगून टाकते.

मग ती माझ्या पुढे जायला लागली. मुद्दाम नाही, सहज. धावता धावता बोलायची — आर्याचा गृहपाठ, साहेबांची चिडचिड — तिला धापच लागायची नाही. आणि चढावर मागे वळून मला म्हणायची, "चलो ताई, थोडंच राहिलं." मला! ग्रुपमधल्या बायकांत मी इतकी वर्षं पहिली येत होते. ऑफिसात मी कुणी नव्हते, घरात सगळ्यांच्या डब्यांपुरती होते, पण त्या डोंगरात पहिली होते. हे कारण म्हणून सांगत नाही. माझ्या पोटात दुखत होतं. त्याला दुसरा शब्द नाही.

त्या वर्षी ग्रुपने पावसाळ्यात डोंगरातली एक शर्यत ठरवली. वाट नवी होती, आणि ती मी एकटीने आधीच बघून आले होते. सुरुवातीला लाल माती, मग कीकरांतली, म्हणजे बाभळींतली, पायवाट, आणि शेवटी जुन्या खाणीकडे उतरणारे सपाट दगड — त्यांवरून पाणी वाहत होतं, कडेला हिरवं शेवाळ. मी घरी येऊन मऊ तळाचे बूट मागवले. कुणाला सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वैशालीने मला दुकानात नेलं. तिने एका पायात खोल दातांचा बूट घातला आणि दुसऱ्या पायात मऊ तळाचा, आणि फरशीवर चालून बघितलं. मग म्हणाली, "ताई, चिखल म्हटल्यावर हे दातवालेच ना? आमच्या शेतात पावसात पाऊल टाकलं की चप्पल आतच राहते."

यवतमाळची काळी माती ती. आम्हा तिकडच्या माणसांच्या डोक्यात चिखल म्हणजे तोच, पायाला पायलीभर माती चिकटणारा. मीही आधी तेच धरून चालले होते, म्हणून तर आपटले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, अगं, इथे माती थोडी आणि दगड फार. एक वाक्य. तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी एक वेळ — पण मी गप्पही बसले नाही. मी म्हणाले, "बिल्कुल. हेच घे."

तिने पडावं असं मला वाटत होतं का? नाही. त्या दगडांवर तिला जपून उतरावं लागेल, आणि तेवढ्यात मी पुढे जाईन, इतकाच माझा हिशेब होता. असं मी स्वतःला अजूनही सांगते. पण ओल्या दगडावर माणूस कसं पडतं ते मला माहीत होतं — कोपराला विचारा.

शर्यतीत ती पुढे होती. दगडांपर्यंत पुढेच होती. मी वळणावर आले तेव्हा ती खाली पडलेली होती, आणि डावा गुडघा असा वळला होता, जसा गुडघा वळत नाही. ती ओरडत नव्हती. मी त्याच दगडावरून तिच्यापर्यंत सरळ चालत गेले, एकदाही न घसरता. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा मला काय वाटलं? खरं सांगू — काही नाही. आत कुणीतरी दिवा बंद करून निघून गेल्यासारखं.

पण ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले, ते अजून पुढेच आहे.

हॉस्पिटलमध्ये वैशालीला आत नेलं आणि आम्ही बाहेर उभे राहिलो. प्रशांतच्या हातात तिचे बूट होते. ग्रुपमधल्या कुणीतरी एक बूट उलटा केला आणि म्हणालं, "यार, दगडावर हे कुणी घालतं का?" प्रशांतने माझ्याकडे बघितलं. आरोप करायला नाही हो. बुटांचं मला कळतं, म्हणून. आणि मी म्हणाले — कुणी काही विचारायच्या आत म्हणाले — "मी सांगितलं होतं तिला. हे चालणार नाहीत म्हणून. ऐकलं नाही."

किती सोपं गेलं ते! आवाजसुद्धा हलला नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आल्यावर प्रशांत तिला रागावला, ताईंचं का ऐकलं नाहीस म्हणून. ती औषधांच्या गुंगीत होती. तिने बराच वेळ कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. मी खोलीतच होते, पलंगाच्या पायाशी. बघत होते. तिला आठवेल का? मग तिने आठवणं सोडून दिलं. म्हणाली, "सॉरी ताई. ऐकायला हवं होतं तुमचं."

तिच्या डोक्यातली खरी आठवण मी पुसली, आणि तिथे माझी खोटी बसवली. पाय तर दगडाने मोडला, असं म्हणता येईल. हे मी केलं.

ती पुन्हा धावली नाही. गुडघा पुरता वाकत नाही, त्यामुळे वंदनेला तिला सतरंजीवर बसता येत नाही, गुडघे टेकून नमस्कार करता येत नाही. मागे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवतात तिच्यासाठी. ती खुर्ची दर वेळी मी आणते. बायका म्हणतात, सख्खी बहीण एवढं करणार नाही. पंचशील घेताना खोटं न बोलण्याचं शील येतं तेव्हा मी सगळ्यांबरोबर म्हणते. मोठ्याने म्हणते. पहिल्या काही वेळा तेवढी ओळ मी गाळायचे. आता गाळत नाही. याचीच कधी कधी भीती वाटते, आणि मग तीही वाटत नाही.

आर्या आता कॉलेजात आहे. या पावसाळ्यात तिलाही डोंगरात धावायचं आहे, आणि वैशालीचं एकच म्हणणं — ताईंशिवाय बूट घ्यायचे नाहीत. मागच्या रविवारी आम्ही तिघी दुकानात गेलो. वैशाली स्टुलावर बसली, पाय लांब करून. मी आर्याला मऊ तळाचे बूट काढून दिले. योग्य तेच दिले. आर्याने शेजारचा खोल दातांचा बूट उचलला आणि म्हणाली, "पण मावशी, कीचड असणार ना? मग हे बेटर नाहीत का?"

मी उत्तर द्यायच्या आधी वैशाली बोलली. "हीच चूक मी केली बाळा. मावशीने मला नीट सांगितलं होतं, शेवाळलेल्या दगडावर हे घसरतात म्हणून."

"शेवाळ म्हणजे काई ना?"

"हो, काई. दुकानात उभं राहून सांगितलं होतं तिने. माझाच हट्ट." मग ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना शंका, ना राग. "हो ना ताई?"

मी खाली बसून आर्याच्या बुटाची लेस बांधत होते.

"हो," मी म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितला.