दापोऱ्याचे कुंपण आणि माझे इंग्रजी

माझ्या भाचीच्या इंग्रजी निबंधाचा बट्ट्याबोळ तिने केला नाही, तिच्या सरांनीही केला नाही. तो मी केला. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही. सांगताना मान खाली जाते. पण चहा संपेपर्यंत ऐकाच!

ऋचा ही दापोरा गावात केळीची बाग असलेल्या माझ्या धाकट्या भावाची, विलासची, मुलगी. आमच्या हिंदी मुलखातल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते, म्हणून मराठीत हिंदी मिसळते. तिथे शोधनिबंधाच्या इंग्रजीचा वेगळा वर्ग असतो आणि त्यातला निबंध मंजूर झाला तरच प्रबंध सुरू करता येतो. तिचा विषय घरचाच: केळीचा भाव. सुट्टीत ती शहरात, शनवारा भागात, माझ्याकडे आली आणि तिचा मसुदा माझ्या हाती पडला. सारी हयात इंग्रजी व्याकरण शिकवलेली मी. लाल पेन आपोआप उघडले!

"अगं, पानोपानी हे 'मे', 'पर्हॅप्स', 'इट सीम्स' काय? भाव पडतो की नाही पडत?"

"पडतो ना, आत्या."

"मग 'कदाचित पडत असावा' कशाला? संशोधन करतेस की कुंडली मांडतेस?"

"सगळ्या पेपरमध्ये ऐसाच लिहितात!"

"सगळे विहिरीत उड्या मारतील. आणि 'ऐसाच' नव्हे, 'असेच'."

एकूण एक 'कदाचित' मी खोडला आणि जागोजाग 'निःसंशय' बसवला. काय भारदस्त दिसत होता निबंध!

ऋचाने तो सरांना पाठवला आणि तो परत आला. खाली सरांचा एकच शेरा: 'हेजिंग वाढवा.'

"आत्या, ये क्या है? त्या लेक्चरला मी गावी होती, लग्नात."

"'होते' म्हण. आणि हेज म्हणजे कुंपण. इतके सोपे इंग्रजी! बागेच्या कुंपणाची माहिती हवी आहे त्यांना."

"लेकिन भावाचा कुंपणाशी काय संबंध?"

"रानडुकरे शिरतात, माल घटतो, भाव हलतो. निःसंशय!"

बघा, त्या शब्दाने माझ्याही डोक्यात कसे घर केले होते! लगेच विलासला फोन लावला.

"ताई, कुंपणाचं काय लिवता? बाभळीच्या काट्या हायेत, एका बाजूनं तार हाय."

"फोटो पाठव."

त्याने उत्साहाने पाठवले. एका फोटोत कुंपण मोडून आत आलेली शेजाऱ्याची म्हैस होती. तोही आम्ही पुरावा म्हणून जोडला.

मग आली व्हिडिओ कॉलवरची तोंडी परीक्षा. ऋचा माझ्या बैठकीत मोबाइलसमोर बसली. लेकीचे कौतुक बघायला विलास इस्त्रीचा शर्ट घालून दापोऱ्याहून आला होता.

सरांनी पाने उलटली. "ऋचा, ये भैंस क्यों है?"

ऋचाच्या आधी मीच मान पुढे घातली आणि कुंपणाचे हिंदी केले. "सर, बाड़ आप ही ने तो माँगी थी!"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि ती म्हैस पुन्हा पाहिली. मग सरांनी फार हळुवारपणे समजावले: पुरावा पक्का नसेल तिथे ठाम बोलायचे नाही, 'कदाचित', 'असे दिसते' असे शब्द ठेवायचे, शोधनिबंधाच्या भाषेत यालाच हेजिंग म्हणतात.

"पहले ड्राफ़्ट में ऐसे कुछ शब्द तो रहे होंगे?"

"थे सर. हटा दिए."

"किसने?"

पोरीने माझ्याकडे पाहिलेही नाही, नावही घेतले नाही. त्यापेक्षा तिने बोट दाखवले असते तर बरे झाले असते. विलास मात्र टक लावून माझ्याकडे पाहत होता.

सरांनी तिला निबंध पुन्हा लिहून देण्याची परवानगी दिली. कॉल बंद होताच घरची सभा भरली. विलास म्हणाला, "ताई, यापुढं तू फक्त स्वल्पविराम पाहशील." ऋचाने तत्काळ मान डोलावली.

मी लाल पेन विलासपुढे ठेवले. "मान्य आहे. बहुधा माझीच चूक झाली असावी."

"आत्या," ऋचा म्हणाली, "यहाँ हेजिंग नहीं चलेगी."

"चूक माझी आहे," मी म्हटले. यावर तिघांचेही एकमत झाले.