येतो म्हणावं

टेबलाला जवसाचं तेल लावताना त्या वासानं अमेरिकेत मिनेसोटातलं ते लाकडी ल्यूथरन चर्च आठवलं. दोन हजार चारची गोष्ट. शंभरेक माणसांच्या बाकांवर आई, मी आणि चर्च सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, एवढेच होतो. ते छताकडे बोट करून म्हणाले, "माझे आजोबा होड्या बांधायचे. त्यांना दुसरं छत जमायचंच नाही." छत खरंच उलट्या होडीसारखं होतं. माणसं उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी चर्च पाडणार होते. कुलूप लावून ते दाराला म्हणाले, "जातो." मी अर्थ सांगताच आई म्हणाली, "जातो नाही रे, येतो म्हणावं. सांग त्यांना." मी सांगितलं. ते दारावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या आईला सांगा, इथे मी कधी खोटं बोललो नाही." आई म्हणाली, "मग मी म्हणते," आणि बंद दाराला म्हणाली, "येते हं." आता तिथे सोयाबीन आहे, आणि आईही नाही.